दर्दी गिऱ्हाईक

सत्त्याऐंशी साली गिरिधरने धरमपेठेत व्हिडिओ गेमचं दुकान थाटलं, तेव्हा आठवडाभर पाय ठेवायला जागा नव्हती. मार्चमध्ये दुकान ओस पडलं.

"पोराईच्या परीक्षा आहेत," त्याने सुमतीला, म्हणजे बायकोला, समजावलं.

एप्रिलमध्येही कोणी फिरकलं नाही.

"हवशे गेले. आता दर्दी येतीन."

मे महिन्यात यंत्र तापू नये म्हणून त्याने वाळ्याचा कूलर बसवला, आणि खरोखरच दर्दी दुपारभर ठाण मांडून बसू लागले. त्यात पेन्शनरही होते. गिरिधरने सुमतीला न विचारता दुसऱ्या यंत्राची ऑर्डर दिली आणि मोठ्या कौतुकाने दर्दींनाच विचारलं, "नवं यंत्र कुठी ठेवू?"

एक आजोबा डोळे न उघडता म्हणाले, "कुठीबी ठेव गा. फक्त कूलरच्या हवेले आडवं नको येऊ देऊ."