पुढच्या वर्षीचे बेत

मधाच्या बाटल्यांना झाकणं लावता लावता लेक पुढच्या वर्षीचे बेत सांगत होता. पेट्या दुप्पट करायच्या, बाजारात स्वतःचं दुकान काढायचं आणि बाटलीवर माझा फोटो छापायचा.

"माझा? मग मध घेईल कोण रे?" मी म्हटलं. सून खळखळून हसली. तोही हसला आणि तळहात कराकरा खाजवू लागला.

"काय झालं?"

"काही नाही गं. मघाशी पेटी उघडताना एक माशी चावली. इतकी वर्षं चावतायत, एका माशीनं काय होतंय?"

अगदी हेच मी याच खोलीत ऐकलं होतं. तेव्हा हा माझ्या कडेवर होता. त्याच्या वडिलांचेही आधी तळहातच खाजले, मग आवाज बसला. मी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"गाडी काढ," मी सुनेला म्हटलं. "आत्ताच्या आत्ता याला दवाखान्यात न्यायचंय."

"आई, तुझं आपलं काहीतरीच! आधी दुकानाचं तरी पुरतं ऐकून घे," लेक म्हणाला.

त्याचा आवाज घोगरा झाला होता.