चंद्राशेजारचे तीन ठिपके

वेधशाळेत नोकरी असल्यामुळे लोक मला आकाशाचे फोटो पाठवतात आणि "हे काय आहे?" म्हणून डोकं खातात. दहातले नऊ जण बंद खिडकीच्या काचेतून फोटो काढतात आणि खोलीतलाच दिवा काचेत दिसला की परग्रहावरचे पाहुणे आले म्हणून बोंबाबोंब करतात. रोज तेच लिहून कंटाळा आला, तेव्हा मी एक उत्तर तयार करून ठेवलं आणि सगळ्यांना तेच चिकटवायला लागलो.

काल संध्याकाळी आईचा फोटो आला. चंद्राशेजारी एका ओळीत तीन पांढरे ठिपके, आणि खाली, "हे काय आहे रे? एकदा येऊन बघून जा ना."

तिला वृद्धाश्रमात ठेवून आठ महिने झाले होते. माहितीपत्रकात मोठी खिडकी आणि निळंभोर आकाश बघून मीच तो निवडला होता. जाऊ जाऊ म्हणता जाणं राहूनच गेलं होतं. कामाच्या गडबडीत मी तिलाही तेच उत्तर चिकटवलं: "घाबरू नका. हे खोलीतल्या दिव्यांचं प्रतिबिंब आहे. दिवे बंद करा, खिडकी उघडा आणि पुन्हा फोटो काढा."

पाच मिनिटांनी तिचं उत्तर आलं.


"खिडकीला खिळे ठोकलेत रे बाळा. दिव्यांची बटणं दाराबाहेर आहेत, आणि बाहेरची कडी सकाळी सहाला काढतात."