वरचा का खालचा

गेले आठ दिवस दूध पाजताना बाळ चावायचं आणि मनीषा ओरडायची.

"दात येतायत त्याला," पोळपाटावरून मान न उचलता सासूबाई म्हणायच्या. "मी पाच पोरं पाजली. कधी आवाज काढला नाही."

नवरा टीव्ही मोठा करायचा.

रविवारी नाशिक रोडहून तिचा भाऊ ललित आला. बाळाचा वरचा दात आधी आला तर मामाला जड जातं, असं सासूबाईंनी त्याला चहा देता देता सांगितलं. "मी असलं काही मानत नाही," म्हणत त्याने लगेच भाच्याच्या तोंडात बोट घातलं, आणि असा ओरडला की शेजारचे गच्चीत आले.

सासूबाई हळद घेऊन धावल्या. नवऱ्याने स्कूटर काढली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं बरं, असं दोघांचं ठरलं. बोट धरून स्कूटरवर बसताना ललित कळवळून म्हणाला, "पण दात बघायचा राहिलाच. वरचा आहे का खालचा?"

"खालचा," बाळाला पदराखाली घेत मनीषा म्हणाली. "मला आठ दिवसांपासून माहितीये. विचारलं कुणी?"