सेकंदाला एक

सॉफ्टवेअरने ऐकून लिहिलेले स्वरलिपीचे चार कागद तिने मास्तरांच्या टेबलावर ठेवले. “एवढं तपासून द्या. आणि खालची ही ठोक्यांची ओळ काढून टाका. बाबांच्या साथीला कुणीच नव्हतं.”

“रविवारच्या कार्यक्रमात तुम्हीच वाजवणार ना?” मास्तरांनी तिच्या व्हायोलिनच्या पेटीकडे बघत विचारलं.

“छे! आमच्या वाद्यवृंदातला दुसरा वाजवेल. माझ्या बोटांनी केव्हाच हात टेकलेत.”

वडील गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्यांनी बांधलेली ही धून एका कॅसेटवर तेवढी उरली होती. वीस वर्षं ती त्या कॅसेटबरोबर वाजवायला बघत होती आणि दर वेळी तिसऱ्या ओळीला वडील पुढे निघून जात होते. कॅसेटशी सूर जुळवायचा तर तारा एवढ्या ताणाव्या लागत, की एखादी तुटायचीच. बाबांचा हातच वेगळा होता, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

मास्तरांनी उभा जन्म गाणी ऐकून कागदावर उतरवण्यात घालवला होता. यंत्राशी त्यांचं वैर नव्हतं. मात्र यंत्राने लिहिलेलं आधी ऐकायचं आणि मगच खोडायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी कॉम्प्युटरवर कॅसेटवरची धून लावली, हेडफोन चढवला आणि डोळे मिटले.

“हे ठोके नाहीत हो. घड्याळ आहे.”

“हां, भिंतीवरचं. लंबकाचं. अजून आहे घरी.”

“वेळ बरोबर दाखवतं?”

“म्हणजे काय! सेकंदाला एक टिक. आई रेडिओपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवते.”

मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि ते कानातली टिकटिक बोटाने टेबलावर मोजायला लागले. एक मिनिट. मग पुन्हा एक मिनिट, कारण एकदा मोजलेल्यावर त्यांचा भरवसा नसे.

“सदुसष्ट,” ते म्हणाले. “ताई, तुमची कॅसेट पळतेय. भरताना मशीन हळू चाललं असणार. त्यामुळे वेग वाढला आणि सूरही अख्खा एक स्वर वर चढला. तारा बिचाऱ्या फुकट मेल्या.”

त्यांनी कॉम्प्युटरवर वेग उतरवत आणला, टिकटिक साठावर आली तेव्हा थांबले आणि हेडफोनची वायर काढून टाकली. खोलीत वडिलांचं व्हायोलिन वाजू लागलं. खालच्या सुरात, निवांत.

तिला आधी रागच आला. वीस वर्षं कुणीतरी आपली चेष्टा केली, तसा. मग तिने पेटी उघडली. तारांना हातही लावावा लागला नाही. सूर होता तिथेच जुळला.

मास्तरांनी धून पहिल्यापासून लावली. ती वाजवू लागली. तिसरी ओळ आली आणि गेलीसुद्धा. चौथीच्या मध्यावर मास्तरांनी हात वर केला.

“सावकाश, ताई. बाबा मागे राहिले.”