कोपरातली तक्रार

डॉक्टरबाईंनी नसेला बोलतं करणारं यंत्र मानेवर टेकवलं, तशी केवडाबाई कासारणीने देवांची नावं घ्यायला सुरुवात केली. करंगळी बधिर झाल्यापासून बांगड्या भरताना तिच्या हातून डझनावारी फुटत होत्या. नस मानेतच दबली असणार, मानेचं ऑपरेशन आलं, धंदा बुडाला, असंच तिने धरलं होतं.

"इथे सगळं झकास," नस केवडाबाईच्याच खणखणीत आवाजात म्हणाली. "खाली बघा!"

यंत्र कोपराला लागलं मात्र, नस कडाडली, "भवाने, गिऱ्हाइकांशी गप्पा हाणत दिवसभर पेटीच्या कडेवर मला चेंगरतेस!"

"म्हणजे मान कापायची नाही?"

"नाही हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कोपर टेकवू नका, महिनाभरात फरक पडेल."

केवडाबाईने डोळे पुसले. "बाई, ही मेली नस इतकी तोंडाळ कुणावर गेली हो?"

बाहेरच्या बाकावरून तिच्या नवऱ्याचं खदखदून हसणं ऐकू आलं.