मोजे मोजायची फेरी

शुक्रवारी सकाळी पॉलने पाय पलंगावरून खाली घेतला आणि प्लॅस्टरचं वजन जाणवताच परत वर ठेवला. यंदा फेरी राहू दे, फोन करून विचारू, असं तो म्हणाला.

त्याची बायको फ्लॉसी त्याच्याकडे बघतच राहिली. पंधरा वर्षांत ‘पाहुण्यां’नी कुणाला फोन केला नव्हता. तसा नियम होता आणि तो पॉलनेच केलेला होता.

‘पाहुणे’ हा गिरीज गावाचा रग्बी संघ. संघ म्हणायचा, पण त्याला ना स्वतःचं ग्राऊंड, ना एकही कायमचा खेळाडू. वर्षातून एकच सामना, जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, तोही मागून घेतलेल्या मैदानावर. ज्याला पॉलचं हाताने लिहिलेलं पत्र जाईल, तो त्या दिवसापुरता पाहुणा. जर्सी संघाची, मोजे मात्र ज्याने त्याने आपल्या मूळ क्लबचे घालायचे. त्यामुळे कमरेच्या वर एक संघ आणि गुडघ्याखाली पंधरा, अशी गावात थट्टा चाले.

पत्राला उत्तर द्यायचं नाही, हीही रीतच. यायचं असेल त्याने सामन्याआधीच्या शुक्रवारी आपले मोजे घरापुढच्या दोरीवर टाकायचे. पॉल सायकलवरून फिरून ते बघून येई; मोजे दिसले की घंटी वाजवून मोजल्याची खूण देई. तिला सगळे मोजे मोजायची फेरी म्हणत. ही फेरी पॉलने कधी दुसऱ्या कुणाला करू दिली नव्हती.

चार वर्षांपूर्वीच्या सामन्यात पॉल-फ्लॉसीचा एकुलता एक मुलगा जेन्सन ‘पाहुण्यां’कडून खेळत होता. समोरच्या संघातल्या प्रणवने त्याला धरून पाडलं. धरणं नियमाला सोडून नव्हतं, पडणं वाईट झालं. मानेचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत प्रणव त्याचं डोकं दोन्ही हातांत सांभाळून बसला होता. जेन्सन त्याच्याशी काहीतरी बोलत होता, असं बघणारे सांगत. फ्लॉसी धावत पोचली तेव्हा त्याचं बोलणं संपलेलं होतं. तीन दिवसांनी तोही संपला.

तो काय बोलला, एवढंच फ्लॉसीला ऐकायचं होतं. बाकी तिचं कुणाशी भांडण नव्हतं.

पुढच्या जानेवारीत पॉलने पहिलंच पत्र प्रणवला लिहिलं. गावाला ते कळलं. चर्चमधली मिस्सा संपल्यावर माणसं पॉलचा हात हातात घेऊन नुसती उभी राहत. फादरनी तर शेरमनमध्ये, म्हणजे मिस्सेतल्या प्रवचनात, नाव न घेता, क्षमा कशी असते ते सांगितलं. पॉल मान खाली घालून ऐकत होता.

पण त्या शुक्रवारी तो फेरीवरून उशिरा आला, न जेवता पडून राहिला आणि एवढंच म्हणाला, “प्रणवची दोरी रिकामी.”

पुढच्या वर्षीही रिकामी. त्याच्या पुढच्या वर्षीही. सामन्याआधी प्रत्येकाच्या हातात जर्सी द्यायचा मान फ्लॉसीचा. दर वर्षी एक जर्सी तिच्याकडे उरायची आणि ऐनवेळी दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, असं लोक म्हणत. फ्लॉसीलाही प्रणवचा राग येई. आपल्या नवऱ्याने एवढा हात पुढे केला आणि याला दोन मोजे टाकवत नाहीत. एकदा तिने त्याच्या घरी जायचं ठरवलं होतं. पॉलनेच थांबवलं. बोलावणं आपलं, येणं त्याचं, म्हणाला.

यंदाची पत्रं वाटून झाली आणि मग पॉल वाडीत पाण्याच्या पाटाजवळ घसरला.

“मी जाते फेरीला,” फ्लॉसी म्हणाली.

त्याने बरीच कारणं काढली. ऊन होईल, तुझे गुडघे दुखतात, तुला कुणाचे मोजे कुठले ते कळणार नाहीत. ती चप्पल घालायला लागली तेव्हा त्याने तिचा हात धरला.

“होळीला, प्रणवच्या घराकडे, जाऊ नकोस फक्त. रिकामी दोरी बघून तुलाच लागेल.”

तिला त्याची माया आली. या माणसाने तीन वर्षं ते एकट्याने बघितलं होतं.

रिक्षा करून तिने चौदा घरं केली. बारा होकार, दोन नकार. मग रिक्षावाल्याला तिने होळीकडे घ्यायला सांगितलं. लागलं तर लागू दे, असं तिने ठरवलं होतं.

प्रणवच्या घरापुढे त्याची आई यशोदा मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. तिच्या मागे दोरी होती. दोरीवर मोजे होते.

आला, यंदा आला, एवढंच मनात आलं. डोळे भरले ते तिने पुसले नाहीत. ती दोरीपाशी गेली. हिरवे मोजे उन्हाने विटून पार फिके झाले होते आणि चिमट्याचा गंज लोकरीत उतरला होता.

“आज टाकले ना?” तिने विचारलं.

यशोदा जुडी बाजूला ठेवून उठली.

“आज कुठले, फ्लॉसीबाय? पॉलभाऊंचं पहिलं पत्र आलं, त्याच शुक्रवारी टाकलेत. पावसापुरते तेवढे आत घेते. भाऊ दर वर्षी येतात, सायकल थांबवतात, मोज्यांकडे बघत राहतात आणि घंटी न वाजवता तसेच जातात. मी काढायला गेले की प्रणव म्हणतो, राहू दे आई, काका मोजतील त्या वर्षी जाईन.”