टॅनर्स लेनमधली शांतता

"उचल तुझी पेटी आणि चालता हो," एमॉस टॉर्डॉफ म्हणाला. ओरडायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

गल्लोगल्ली बाजाची पेटी वाजवत पैसे मागणाऱ्या इटालियनानं वर खिडकीकडे पाहिलं, टोपी काढली आणि पेटी पाठीवर घेऊन निघून गेला. निदान तो तरी भला माणूस होता. गल्लीतल्या बाकीच्यांबद्दल तसं म्हणवत नाही.

वर एमॉसची सात वर्षांची टॅबी तापानं पडली होती. अंगभर लाल पुरळ, घसा सुजलेला. दोन वर्षांपूर्वी तिची आई याच तापानं गेली होती. डॉक्टर म्हणाले, "औषध नावापुरतंच. तिला शांत झोप मिळू दे. सारखी दचकून उठली, तर मग माझ्या हातात काही नाही."

आजाऱ्याच्या घरी करतात ते सगळं एमॉसनं केलं. गाड्यांची चाकं वाजू नयेत म्हणून दारासमोर रस्त्यावर पेंढ्याचा जाड थर पसरला. दार ठोठावायच्या कडीला जुना हातमोजा बांधला. घरात अनवाणी चालू लागला, पोरीशी कुजबुजत बोलू लागला. शिंपीकाम बाजूला पडलं आणि दिवसभर उंबरठ्यावर उभं राहून भांडणं, हाच त्याचा धंदा झाला. कोळशाची गाडी झाली की पोरांचे खेळ, पोरं गेली की कुणाचा तरी कोंबडा. माणूस थकेल नाही तर काय!

"अहो टॉर्डॉफ, आम्ही श्वास घ्यायचा की नाही?" समोरच्या मिसेस क्लेगनी विचारलं. "की नाकालाही हातमोजा बांधू?"

"माझी पोर मरतेय, बाई."

"देव तिला बरं करो. पण जोबनं घंटा वाजवली नाही, तर त्याचे मफिन कोण घेणार? त्याच्याही घरी पोरं आहेत."

मफिनवाला जोब रोज घंटा वाजवत यायचा. एमॉसनं हात जोडले, शिव्या दिल्या, शेवटी पोलीस आणला. जोब दोन रात्री कोठडीत बसला आणि घंटा जप्त झाली. एमॉसला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण पोर झोपत होती.

आणि ताप खरंच उतरला. उशीवर रोज कानाखाली पिवळट डाग पडत, एमॉस मुकाट्यानं अभ्रा बदली. तो अगदी पलंगापाशी जाईपर्यंत तिला पत्ता नसे; अशक्तपणा, दुसरं काय. मग एका सकाळी ती केवढ्यानं ओरडली, "बाबा, भूक लागली!" त्यानं ओठांवर बोट ठेवलं खरं, पण आवाजात जोर आलेला पाहून त्याचे डोळे भरून आले.

शनिवारी संध्याकाळी गल्ली दारात आली.

ज्याचं वागणं शेजाऱ्यांना असह्य होतं, त्याच्या दारात तवे-पातेली बडवायची त्या गावाची रीत. एरवी ही पाळी बायकोला मारणाऱ्यावर यायची. आज एमॉसवर आली. किटल्या, पत्र्याचे डबे, कुणाचं तरी शिंग आणि सगळ्यांच्या पुढे जोब.

"पाया पडतो, आजची रात्र जाऊ द्या," एमॉस म्हणाला.

"माझ्या दोन गेल्या ना!" जोबनं तव्यावर पळी हाणली. "घे आता!"

एमॉस जिना चढत धावला. पोर दचकली असेल, ताप उलटला असेल, या भीतीनं त्यानं खोलीचं दार ढकललं.

पडदे ओढलेले होते. टॅबी पलंगावर बसून बाहुलीचे केस विंचरत होती. खिडकीच्या काचा नुसत्या थरथरत होत्या. एमॉस तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्या गोंगाटावर आवाज चढवून, घसा फुटेस्तोवर ओरडला, "माफ कर पोरी, मला त्यांना थांबवता आलं नाही!"

टॅबी हसली.

"मी बरी झालेय, बाबा," ती म्हणाली. "अजून कुजबुजता कशाला?"